नोव्हेंबरमध्येच या, आणि तिघं मिळून या

तुमचा निरोप काल रात्री वाचला. जर्मनीत न्युर्नबर्गची नोकरी पक्की झाली, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय, मुलगी पाच वर्षांची आहे. घरात सगळ्यांचं मत असं की तुम्ही एकट्यानं पुढे यावं आणि थंडी ओसरली की मार्चमध्ये वहिनींना नि मुलीला आणावं. डिसेंबरमध्ये तिकडे सगळं बंद असतं, माणूस माणसाला दिसत नाही, मग त्या दोघी घरात बसून काय करणार, असं तुम्ही विचारलंत.

मी सांगते, तिघं एकदम या. आणि जमलं तर ११ नोव्हेंबरच्या आत या.

मी इंदूरच्या लोकमान्यनगरची. २०१२ च्या जानेवारीत, ८ तारखेला इथे उतरले. आमच्या घरीही असाच हिशेब झाला होता, की सणासुदीत तिकिटं महाग, तिकडे ऑफिसं बंद, तर नवीन वर्षात जा. मी आले तेव्हा दिव्यांच्या माळा उतरल्या होत्या. फुटपाथच्या कडेला टाकून दिलेली सुरूसारखी झाडं आडवी पडली होती. अंधार मात्र तसाच होता, संध्याकाळी साडेचारला दिवे लावावे लागायचे. समोरच्या दारातल्या बाईंचं नाव मला तीन महिने कळलं नाही. जिन्यात भेटल्या की नमस्कारापुरतं बोलायच्या आणि जायच्या. मला वाटलं, ही माणसंच अशी. तसं नव्हतं. इथे ओळख व्हायला निमित्त लागतं. इंदूरला पोह्याच्या गाडीपाशी उभं राहिलं की शेजारचा आपणहून बोलायला लागतो; इथे निमित्ताशिवाय कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. आणि वर्षभरातली बहुतेक निमित्तं ११ नोव्हेंबर ते ६ जानेवारी या आठ आठवड्यांत असतात. मी नेमकी ती संपल्यावर आले होते.

११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. मार्टिन हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला म्हणून त्यानं तलवारीनं आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. त्या संध्याकाळी वस्तीतली लहान मुलं काठीला कागदी कंदील लावून मिरवणुकीनं निघतात. पुष्कळ ठिकाणी पुढे खऱ्या घोड्यावर मार्टिन असतो. शेवटी शेकोटी, काहीतरी गरम प्यायला, आणि हंसाच्या आकाराचं बिस्किट. बालवाडीत जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका, अर्ज आत्तापासून करा. पण या मिरवणुकीला बालवाडीत असावंच लागतं असं नाही. वस्तीतल्या चर्चच्या फलकावर वेळ लावलेली असते, आपण कंदील घेऊन जायचं. माझ्या मुलानं पहिल्या वर्षी दिवाळीचा छोटा आकाशकंदील नेला होता, लाल जिलेटीनच्या कागदाची चांदणी. दिवाळी आगेमागेच असते, कंदील घरात असतोच. सगळ्या पोरांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं, मागोमाग त्यांच्या आया आल्या. त्यातल्या दोघी आज माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत. तुमच्या लेकीबरोबर इंदूरलाच एक चांदणी बनवा आणि घडी घालून बॅगेत ठेवा.

आता मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं वाटतं ते सांगते. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे आडव्हेंट. घरोघरी हिरव्या फांद्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त पेटवायची. मुलांसाठी २४ छोट्या खिडक्यांचं कॅलेंडर असतं, रोज एक खिडकी उघडायची. काही वस्त्यांमध्ये हेच कॅलेंडर खऱ्या घरांचं करतात. १ ते २४ डिसेंबर, रोज एका घरानं आपली एक खिडकी सजवायची, त्यावर तारखेचा आकडा लावायचा, आणि ठरल्या वेळी शेजाऱ्यांनी त्या खिडकीखाली जमायचं. घरात कुणी जात नाही. बाहेर थंडीतच अर्धा तास उभं राहायचं, कुणी एखादी गोष्ट वाचून दाखवतं, दोन गाणी म्हणायची, गरम काहीतरी प्यायचं आणि आपापल्या घरी जायचं. कप ज्याचा त्यानं आणायचा. याला ते जिवंत कॅलेंडर म्हणतात.

त्या २०१२ च्याच नोव्हेंबरअखेर समोरच्या बाईंनी माझं दार वाजवलं, हातात तारखांचा कागद. म्हणाल्या, कप घेऊन या. माझ्याकडे होता स्टीलचा पेला. पहिल्या संध्याकाळी त्यात कढत सफरचंदाचा रस ओतला गेला आणि तो हातात धरवेना. शेजारी एक आजोबा उभे होते. त्यांनी काही न बोलता आपला लोकरीचा हातमोजा काढला, माझ्या पेल्याला घातला आणि स्वतःचा हात खिशात घातला. अकरा महिन्यांत मला या देशात कुणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी १२ तारीख मागून घेतली. काळ्या कागदात आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले कातरले, मागून पिवळा पतंगी कागद लावला आणि दिवा ठेवला. आलं नि वेलदोडा घालून पातेलंभर चहा केला, पातळ पोह्यांचा चिवडा केला. चाळीसएक माणसं आली. मोडक्या जर्मनमध्ये अहिल्याबाईंची गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, ही राणी त्या सात मजली वाड्यात राहायची का? मी म्हटलं, नाही, ती नर्मदेकाठी महेश्वरला राहायची आणि तिथून कारभार बघायची. त्या रात्रीपासून गल्लीत मला नावानं हाक मारतात. तुमच्या वस्तीत असं कॅलेंडर आहे का, हे चर्चच्या पत्रकात किंवा बेकरीतल्या फलकावर कळेल. चर्चचं आहे म्हणून बिचकू नका. मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई, मला आजवर कुणी धर्म विचारला नाही.

याच दिवसांत घरोघरी बिस्किटं भाजतात आणि पत्र्याच्या डब्यांतून एकमेकांकडे पाठवतात. आपल्या फराळाच्या डब्यांसारखंच. त्यातली व्हॅनिलाची चंद्रकोर तर नानकटाईची सख्खी बहीण. डबा आला तर रिकामा परत करू नका, हा आपला नियम इथे फार आवडतो. अंडं खात नसाल तर मोकळेपणानं विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. ५ डिसेंबरच्या रात्री मुलीचे बूट पुसून दाराबाहेर ठेवायला सांगा. सकाळी त्यात अक्रोड, संत्रं, चॉकलेट सापडतं. नीकोलाउस, म्हणजे संत निकोलस, ठेवून जातो; म्हणजे तुम्ही ठेवायचं.

न्युर्नबर्गचा ख्रिसमसचा बाजार तर तुमच्या दाराशीच आहे. मुख्य चौकात लाल-पांढऱ्या कापडी छपरांचे लाकडी ठेले लागतात. या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ सालच्या एका लाकडी डबीवरच्या मजकुराचा आहे. पहिल्या आडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला चौकातल्या चर्चच्या सज्ज्यातून सोनेरी केसांची, पांढऱ्या-सोनेरी वेषातली क्रिस्टकिंड, म्हणजे देवदूतासारखी सजलेली मुलगी, बोलते आणि बाजार उघडतो. हा मान १९६९ पासून शहरातल्याच एखाद्या मुलीला मिळतो, दर दोन वर्षांनी निवड होते. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी या सतरा वर्षांच्या मुलीची निवड झाली. तिचे वडील भारतातून आलेले. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेनं तिच्या दिसण्यावरून घाणेरडं लिहिलं, आणि शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. उद्घाटनाला ती त्या सज्ज्यात उभी राहिली. हे दोन्ही तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय. तसं लिहिणारे इथे आहेत, आणि त्या मुलीला आपली म्हणणारे त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

बाजारात शनिवार-रविवारी जाऊ नका, मंगळवारी संध्याकाळी जा. इंदूरच्या सराफ्यात थंडीत उभं राहून जीरावन मसाला भुरभुरलेला तळलेला गराडू कंद खाताना बोटं पोळतात आणि तरी थांबवत नाही, तसं इथे भाजलेल्या बदामांचं आणि शेंगांसारख्या फोडून खायच्या गरम चेस्टनटचं होतं. सॉसेज डुकराचं असतं, ते लक्षात ठेवा. लेबकूखन हा इथला मसाल्याचा केक; त्यातला 'एलिझन' नावाचा सर्वांत चांगला, त्यात सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ फार तर १० टक्के असावं लागतं. मुलीला किंडरपुन्श, म्हणजे बिनदारूचं गरम पेय द्या; ग्लूवाइन ही गरम वाइन, तिच्यात दारू असते. कपाची अनामत आधी घेतात, कप परत केला की पैसे परत. लहान मुलांचा बाजार मोठ्या चौकाजवळच, हान्स साक्स चौकात असतो. तुमच्या लेकीला तिथेच आधी न्या. आणि बुटांवर पैसे खर्च करा. जाकिटापेक्षा जाड तळव्याचे बूट महत्त्वाचे, दगडी फरशीची थंडी पायांतून चढते.

२४ डिसेंबरबद्दल खरं ते सांगते. तो दिवस जड जातो. दुपारी दोनपर्यंत दुकानं आणि बाजार दोन्ही बंद होतात, आणि ज्यांच्याबरोबर महिनाभर कप घेऊन उभे राहिलात ती सगळी माणसं आपापल्या घरात जातात. ती संध्याकाळ फक्त घरच्यांची. कुणी बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. लक्ष्मीपूजनाला आपणही बाहेरच्याला बोलावत नाही. २५ आणि २६ ला पूर्ण सुट्टी, त्यामुळे दूध, दही, भाजी २३ लाच भरून ठेवा. २४ ला संध्याकाळी चर्चचं दार सगळ्यांना उघडं असतं. मागच्या बाकावर बसून गाणी ऐकून या, मुलीला फार आवडेल. २५ ला आम्ही पाच-सहा मराठी घरं एकत्र जमतो, दाल-बाफले करतो. समोरच्या बाई आता एकट्या असतात, त्याही येतात. गेल्या खेपेला तूप त्यांनीच कढवलं.

३१ ला रात्री बारा वाजता दिवाळीसारखे फटाके उडतात. ते वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच विकत मिळतात. मुलगी दचकणारी असेल तर खिडकीतूनच बघा. ६ जानेवारीच्या सुमाराला तीन राजांच्या वेषात मुलं दारावर येतात, गाणं म्हणतात, जगभरातल्या गरजू मुलांसाठी पैसे मागतात आणि चौकटीवर खडूनं वर्षाचा आकडा नि सी, एम, बी ही अक्षरं लिहून जातात. ते वर्षभर पुसायचं नसतं. आमच्या चौकटीवर ते आहे आणि त्याच्या वरच आंब्याच्या पानांचं कापडी तोरण आहे.

मग आपली संक्रांत येते. तोवर तुमची गल्लीत ओळख झालेली असेल आणि तिळगूळ कुणाला द्यायचा हा प्रश्न उरणार नाही. मार्चमध्ये आलात तर त्यासाठी दहा महिने थांबावं लागेल. तीळ तुर्की दुकानात मिळतात, गूळ एशियन दुकानात. जीरावन इथे सहज मिळत नाही, ते मात्र भरपूर आणा.

तिकिटाची तारीख ठरली की कळवा. ११ ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या वस्तीतली मिरवणूक निघते. वहिनींना सांगा, लेकीला दोन लोकरी मोजे एकावर एक घालायचे, आणि चांदणीत ठेवायला बॅटरीचा दिवा माझ्याकडे आहे.