एकाच मळ्यातला महाग दार्जिलिंग चहा घ्यावा का?

तुम्ही दापोलीहून विचारलंय, की एका कुटुंबाच्या ब्रँडचा 'एकाच मळ्यातला' दार्जिलिंग चहा एवढा महाग का, आणि तो घ्यावा का. घ्या, पण आधी मळा त्यांचा स्वतःचा आहे की ते नुसती पाकिटं भरतात ते विचारा. पाकिटं भरण्यात गैर काही नाही, मळ्याचं नाव मात्र छापलेलं हवं.

माझी राजापूर तालुक्यात हापूसची कलमं आहेत, म्हणून हे मनापासून सांगतोय. कर्नाटकातला आंबा देवगडचा म्हणून विकतात, तसाच नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावावर खपवतात. दार्जिलिंगला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या मालाला लावायचा हक्क, २००४ साली मिळालं, देशातलं पहिलं. आमच्या हापूसला ते मिळायला २०१८ उजाडलं. दार्जिलिंगचे मान्यताप्राप्त मळे ८७ आहेत, तेव्हा मळ्याचं नाव त्या यादीत आहे का ते बघता येतं. तोडणीचा हंगाम आणि सालही पाकिटावर हवं.

दराचं म्हणाल तर डोंगरउतारावर दोन पानं आणि एक कळी हाताने खुडायची, आणि एक किलो चहाला चार-साडेचार किलो ओला पाला लागतो.

मार्च-एप्रिलची पहिली तोडणी फिकी, सोनेरी असते, तिला फुलांचा वास येतो. मे-जूनच्या दुसरीला द्राक्षासारखा गंध येतो आणि त्यात तुडतुड्यांचा हात असतो! आपल्याकडे ज्यांच्यामुळे मोहोर जातो, त्यांच्याच जातकुळीतला हिरवा तुडतुडा तिथे पानातला रस शोषतो, आणि झाड प्रतिकारासाठी जी द्रव्यं तयार करतं त्यातून तो वास येतो. आमच्या बागेत तुडतुड्यावर फवारणी चुकत नाही, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

दूध घालून उकळणार असाल तर हा चहा घेऊ नका, आसामची सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेली पावडरच बरी. हा प्यायचा तर पाणी उकळून जरा निवू द्या, कपाला चमचाभर पानं टाका आणि तीन मिनिटं झाकून गाळा. विहिरीचं पाणी खाडीमुळे मचूळ असेल तर प्यायचं गोडं पाणी वापरा.

आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या, सामानात हा भरून ठेवू नका. पावसाळ्यात चहा हवेतला दमटपणा ओढतो, शेजारच्या सुकटीचा नि मसाल्याचा वासही. शंभर ग्रॅमच मागवा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि संपला की पुन्हा मागवा.