माझं एमए इंग्रजीत झालंय आणि डिसर्टेशन कादंबरीवर आहे. अमेरिकेत ‘रेटरिक अँड रायटिंग’मध्ये पीएचडीसाठी अर्ज कसा करावा? हे क्रिएटिव्ह रायटिंगच असतं का?

नाही, क्रिएटिव्ह रायटिंग वेगळं. तिथे कथा-कविता लिहायच्या असतात आणि बहुधा एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी मिळते. रेटरिक म्हणजे आपल्याकडची वक्तृत्व स्पर्धाही नव्हे. माणसं लिहून-बोलून दुसऱ्याला कसं पटवतात आणि लिहायला कशी शिकतात, याचा हा अभ्यास आहे. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला लेखनाचा कोर्स सक्तीचा असतो, मग विद्यार्थी इंजिनिअरिंगचा का असेना. त्यातले बरेच वर्ग पीएचडीचे विद्यार्थी शिकवतात आणि त्या बदल्यात त्यांना फीमाफी व स्टायपेंड (दरमहा मिळणारं मानधन) मिळतो. म्हणून अर्ज वाचणारा प्राध्यापक दोन गोष्टी शोधतो: तुमच्याकडे लेखनाविषयीचा प्रश्न आहे का, आणि तुम्हाला वर्गात उभं करता येईल का.

तुमचं एमए इंग्रजीत आहे आणि डिसर्टेशन कादंबरीवर, असं तुम्ही लिहिलंय. ते जसंच्या तसं रायटिंग सॅम्पल (अर्जासोबत द्यायचा लेखनाचा नमुना) म्हणून पाठवू नका. सॅम्पल साधारण 15 ते 25 पानांचं मागतात, आणि कादंबरीतल्या प्रतिमांवरची पंचवीस पानं वाचून तुम्ही साहित्याच्या पीएचडीला जायला हवं होतं, असंच मत होतं. त्यापेक्षा नवा निबंध लिहा. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी परिच्छेदात मुद्दा कुठे मांडतात? पीकविम्याचा फॉर्म शेतकऱ्याला कुठे अडवतो? न्यायदर्शनातली, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही मांडणी ॲरिस्टॉटलच्या युक्तिवादाशेजारी ठेवली तर काय दिसतं? अशा कामाला तिथे खरोखर किंमत आहे. बहुभाषिक लेखन आणि तौलनिक रेटरिक ही या विषयातली जिवंत क्षेत्रं आहेत, आणि तीन भाषांत वावरणारा माणूस तिथे मागे नसतो.

स्टेटमेंट ऑफ पर्पजची (हा अभ्यास का करायचाय ते सांगणाऱ्या निवेदनाची) सुरुवात ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ अशी नको. पहिल्याच परिच्छेदात प्रश्न मांडा. शिकवल्याचा अनुभव असेल, अगदी कोचिंग क्लासचा का असेना, तर किती मुलं होती, काय लिहून घेतलं, कसं तपासलं ते लिहा.

विभाग शोधताना फक्त इंग्रजी विभागांची पानं पाहू नका. पर्ड्यू, कार्नेगी मेलनला हा विषय इंग्रजी विभागात आहे, पण सिरॅक्यूज, मिशिगन स्टेटला स्वतंत्र विभाग आहेत. काही विभाग एखाद्या वर्षी प्रवेशच देत नाहीत, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करून विचारा. मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. ट्रान्सक्रिप्टला (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाला) आपल्याकडे वेळ लागतो, तेव्हा त्यासाठीचा अर्ज आपल्या विद्यापीठात ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच टाका. शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी आता मागत नाहीत. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र स्पीकिंगकडे विशेष लक्ष द्या. एकूण गुण चांगले असूनही बोलण्याचे कमी पडले तर प्रवेश मिळतो, पण शिकवायला वर्ग मिळत नाही, आणि वर्ग नाही तर पैसेही अडतात.

ऑफर आली की स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, किती वर्षांची हमी, आरोग्य विमा कोण भरतं आणि माफीनंतरही कोणती शुल्कं उरतात, हे लेखी विचारा. उन्हाळ्याचे तीन महिने पगाराविना जातात हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं. उत्तरासाठी बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात, घाईने होकार देऊ नका.

कामाचा अंदाजही आधीच घ्या. एका वर्गात 22 विद्यार्थी, सत्रात चार निबंध, प्रत्येकी 20 मिनिटं धरली तर नुसती तपासणी 29 तासांची. दोन वर्ग असतील तर दुप्पट, आणि कच्चे खर्डे त्यात धरलेले नाहीत.

आय-20 वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) छापलेला सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांकही पाहा. तो 23 ने सुरू होत असेल तर पदवी इंग्रजीच्या गटात मोडते: ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करण्याची परवानगी) 12 महिन्यांचं, पण स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मिळणारी 24 महिन्यांची वाढ नाही.