जी काच काळी यायला हवी, ती आधी दाखव

प्रिय मुली,

फोटो मिळाले, मोठे करकरून पाहिले. नेफ्रोटॉक्सिक सीरम (दुसऱ्या प्राण्यातलं, मूत्रपिंडावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडींचं) दिलेल्या उंदराचे ग्लोमेरुलस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्या, आकाशकंदिलासारखे पेटलेत, निरोगी उंदराचे विझलेले. तू विचारतेस, वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) बँड दोन्हीकडे सारखाच आहे, मग मॉडेल, म्हणजे आजार घडवलेला उंदीर, बदलू का? नको. आधी सांग, प्रायमरी (प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) न लावलेली काच कुठे आहे?

तुझी प्रायमरी उंदरातली, सेक्शनही उंदराचं. सेकंडरी, म्हणजे पहिलीला शोधून चमकणारी दुसरी अँटिबॉडी, शोधते उंदराची आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटिबॉडी), आणि या मॉडेलमध्ये ती ग्लोमेरुलसमध्ये आधीच साचलेली असते. तोच तर आजार. प्रायमरीऐवजी नुसतं बफर घातलंस तरी कंदील पेटणार. मग सीरम सशाचं नसेल तर सशातली प्रायमरी घे. शेळीतली नको: सीरम मेंढीचं असेल तर मेंढीची आयजीजीही तिथेच चिकटलेली आहे, आणि शेळीसाठीच्या बहुतेक सेकंडरींना शेळी-मेंढीतला फरक कळत नाही. बायोटिनची पद्धत (अँटिबॉडीला बायोटिन जोडून ते रंगवायचं) वापरत असशील तर ट्यूब्यूल्सकडेही, मूत्रपिंडातल्या नळ्यांकडेही, बघ. मूत्रपिंडात मुळातच बायोटिन भरपूर, ते झाकलं नाहीस तर तेही रंगणार.

प्रथिन जिथे नाही, तिथे काय दिसतं? या एका प्रश्नावर मी अडून बसतो, त्यापायी लोक मला वेळखाऊ म्हणतात. म्हणोत. नॉकआउट उंदराचं (ज्यात त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय) एक सेक्शन म्हणजे एका दुपारचं काम. चुकीच्या अँटिबॉडीवर दोन वर्षं सहज जातात, आणि एथिक्स कमिटीने मोजून दिलेले उंदीर परत येत नाहीत. ‘पेप्टाइडने ब्लॉक केलं, सिग्नल गेला’ हा पुरावा मला देऊ नकोस. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनावर बसत असली तरी पेप्टाइड, म्हणजे जो तुकडा दाखवून ती बनवली तो, तिलाही अडवतोच.

मेंदूच्या फोटोंत चूक जास्त फसवी आहे. 5एक्सएफएडीच्या (अल्झायमरचं मॉडेल असलेल्या उंदराच्या) न्यूरॉनमध्ये 6ई10 या अँटिबॉडीने रंग दिसला आणि तू खाली लिहिलंस ‘पेशीतलं अमायलॉइड’. 6ई10 बसते बीटा-अमायलॉइडच्या पहिल्या 16 अमिनो आम्लांमध्ये, आणि तेवढा तुकडा अख्ख्या एपीपीमध्येही, म्हणजे ज्या मोठ्या प्रथिनातून बीटा-अमायलॉइड कापलं जातं त्यातही, असतो. या उंदरात माणसाचं एपीपी मुद्दाम जादा बनवलेलं आहे. इथे माणसाचं जनुक नसलेल्या साध्या भावंडाची काळी काच पुरत नाही, कारण ही अँटिबॉडी माणसाच्या क्रमावरच नीट बसते. भावंड काळंच येणार आणि तुझा गैरसमज पक्का होणार. म्हणून लागोपाठच्या तीन सेक्शनवर तीन अँटिबॉडी लाव: 6ई10, बीटा-अमायलॉइड 42 च्या टोकालाच ओळखणारी, आणि एपीपीच्या सी-टोकाची. पेशीत पहिली आणि तिसरी दिसली, मधली नाही, तर ते एपीपी आहे. प्लाक (अमायलॉइडचे गठ्ठे) उघडायला 70 टक्के फॉर्मिक आम्ल, पाच मिनिटं. उंदीर म्हातारा असेल तर अजिबात न रंगवलेली एक काच सगळ्या चॅनेलमध्ये बघ. लिपोफ्युसिन, म्हणजे म्हाताऱ्या पेशीत साचणारं रंगद्रव्य, स्वतःच चमकतं.

हाच प्रश्न मॉडेललाही विचारायचा असतो. हेमनने 1959 मध्ये उंदराच्या थोरल्या भावात, रॅटमध्ये, मेंब्रेनस नेफ्रोपथीसारखा (गाळणीच्या पडद्यावर अँटिबॉडी साचण्याचा) आजार घडवला. पुढे कळलं, तिथलं अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्यावर बसतात ते प्रथिन, मेगालिन. रॅटच्या पोडोसाइटवर (गाळणीच्या पेशीवर) ते असतं, माणसाच्या पोडोसाइटवर नसतं. माणसातलं मुख्य अँटिजेन, पीएलए2आर, सापडलं 2009 मध्ये. ते उंदराच्या पोडोसाइटवर नाही, म्हणून त्या रुग्णांच्या अँटिबॉडी साध्या उंदराला टोचून काही होत नाही. 2014 मध्ये सापडलेलं टीएचएसडी7ए मात्र उंदरातही आहे, आणि त्या अँटिबॉडींनी उंदराच्या लघवीत प्रथिन आणून दाखवलं. वंशाचंही तसंच. अ‍ॅड्रियामायसिन या कर्करोगावरच्या औषधाने बाल्ब-सी उंदराचं मूत्रपिंड बिघडतं, सी57 ब्लॅक-6 बहुतेक धडधाकट राहतो. ‘डोस कमी पडला’ म्हणून वाढवत बसशील तर उंदीर मरेल, मॉडेल होणार नाही.

अँटिबॉडी उंदराला टोचणार आहेस म्हणतेस. बाटलीत सोडियम अ‍ॅझाइड नाही ना, ते आधी वाच. स्टेनिंगची बाटली तशीच टोचणं म्हणजे विष टोचणं. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासून घे, नाहीतर सूज त्याचीच येईल. कंट्रोल गटाला सलाइन नको, त्याच आयसोटाइपची (त्याच उपप्रकारची) निरुपद्रवी अँटिबॉडी त्याच डोसात दे. आणि रक्तातल्या आयजीजीपैकी मेंदूत जेमतेम हजारात एक भाग पोचतो, म्हणून परिणाम दिसला नाही तर लगेच लक्ष्याला दोष देऊ नकोस.

सोमवारी प्रत्येक ब्लॉकचे चार सेक्शन काप: पूर्ण स्टेनिंग, प्रायमरीशिवाय, आयसोटाइप, काहीच नाही. नॉकआउटचा तुकडा त्याच काचेवर, त्याच फिक्सेशनचा हवा. प्रायमरी 1:100, 1:300, 1:1000 अशी उतरव, लॉट नंबर वहीत लिही. काळी काच आधी पाठव. आणि मायक्रोस्कोपचं ऑटो एक्स्पोजर बंद कर, नाहीतर काळी काचही उजळून येईल.

— सर