पहिल्यांदाच दिवाळी पहाटला जाताय? मग एवढं करा

अरे वा, दिवाळी पहाटला, म्हणजे दिवाळीतल्या पहाटेच्या गाण्याच्या मैफिलीला, पहिल्यांदाच ग्रुपने जाताय असं कळवलंत, ते ऐकून खूप बरं वाटलं! रागाबिगाचा अभ्यास करून जायची अजिबात गरज नाही, पण वेळेवर पोचा, कारण ललित, भटियार, अहिर भैरव हे सकाळचे राग एरवीच्या संध्याकाळच्या मैफिलीत फारसे कानावर पडत नाहीत आणि पहाटच्या कार्यक्रमात ते सुरुवातीलाच होतात, उशिरा गेलात तर नेमकं तेच हुकतं.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत रागाचा विस्तार करणारं गाणं, सुरू झाला की पाच मिनिटांत कंटाळून मोबाईल काढायचा. थांबा हो जरा! विलंबित एकताल असेल तर मात्रा (तालातले ठोके) १२च, पण लय इतकी संथ की एका आवर्तनाला (तालाच्या एका पूर्ण फेरीला) पाऊण-एक मिनिट सहज जातं. तबल्याकडे कान ठेवा, गायक फिरून फिरून बंदिशीच्या मुखड्यावर (गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दांवर) येतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तबल्याशी गाठ पडते, ती जागा एकदा सापडली ना, की मजा यायला लागते. मला तर त्यासाठी दोन दिवाळ्या लागल्या.

बाकी,
- स्वेटर किंवा शाल घ्या, मैदानावर गारठा असतो
- उठायचंच असेल तर दोन रागांच्या मधे उठा
- शेजाऱ्याशी कुजबुज नको, रेकॉर्डिंग तर नकोच

फराळ कोणा एकाच्या घरी आधीच ठरवून ठेवा. भैरवी (मैफिलीच्या शेवटी गातात तो राग) झाली की थेट तिकडे, चकली-चिवडा खाताना कोणाला काय आवडलं यावर भरपूर बोला. घराणी (गायकीच्या वेगवेगळ्या परंपरा) वगैरे पुढच्या वर्षी बघू.