वाचकांचे प्रश्न : आठ माणसांचे घर आणि गाडीतल्या तीन रांगा

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब नागपुरात महाल भागात राहते. सासू-सासरे, आम्ही दोघे, दीर-जाऊ, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि जावेचा दोन वर्षांचा बाळ असे आम्ही आठ जण आहोत. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. एरवी गाडीत तिघे-चौघेच असतात, पण रामटेक, धापेवाडा, शेगाव या वाऱ्या सगळे मिळून करतो आणि दर वेळी दोन गाड्या काढाव्या लागतात. घरात एर्टिगा आणि इनोव्हा हायक्रॉस अशी दोन मते आहेत. दीर म्हणतात, बाळ मांडीवर बसेल, सात सीटची गाडी पुरे. कोणती घ्यावी?
— मोठी सून, महाल

उत्तर : ताई, सर्वांत आधी मांडीवरच्या बाळाचा प्रश्न मिटवू या, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. गाडीने जोरात ब्रेक लावला किंवा ती कशावर आदळली, तर मांडीवरचे मूल कितीही घट्ट धरले तरी हातात राहत नाही, आणि आईने स्वतःचा पट्टा त्याच्यावरून घेतला असेल तर तो पट्टाच त्याला चिरडतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन असणे बंधनकारक आहे आणि ते नसल्यास हजार रुपये दंड आहे. म्हणून आपल्या घराची मोजणी आठ अशीच करावी लागेल. मारुतीची एर्टिगा, किआची कॅरेन्स, रेनोची ट्रायबर या गाड्या जास्तीत जास्त सात जणांच्या आहेत. सगळे एकाच गाडीत जाणार असाल, तर आठ सीटची हायक्रॉस, तिचीच जुळी बहीण असलेली मारुतीची इन्व्हिक्टो किंवा आठ सीटची इनोव्हा क्रिस्टा हे मुख्य पर्याय उरतात.

मात्र आठ सीट आहेत म्हणजे आठ माणसे नीट बसतील असे नाही, आणि आपल्या पत्राचे खरे उत्तर याच्यात आहे. आठ सीटच्या गाडीत मधल्या रांगेत तिघांचा सलग बाक असतो. सात सीटच्या प्रकारात त्या जागी दोन स्वतंत्र कॅप्टन सीट आणि मध्ये वाट असते. त्या वाटेने मागची माणसे कोणालाही न उठवता आत-बाहेर करू शकतात. बाक असला की ही वाट बंद होते आणि मागे जायचे तर मधल्या रांगेचा एक भाग पुढे दुमडावा किंवा सरकवावा लागतो. आता यात आपले घर बसवून पाहा. बालआसन अडकवण्याचे आयसोफिक्सचे कडे मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या जागांना असतात. बालआसन एकदा तिथे बसवले की सीटचा तो भाग दुमडता येत नाही. आपल्याकडे रस्त्याची कड डाव्या बाजूला असल्याने चढ-उतार डाव्या दाराने व्हायला हवी. म्हणून बालआसन उजवीकडे, त्याच्याशेजारी मध्ये बाळाची आई, आणि डाव्या दाराशी सासूबाई अशी मांडणी होईल. सासरे चालकाशेजारी पुढे बसतील आणि मागच्या रांगेत दोन मोठी माणसे व त्यांच्यामध्ये आपला मुलगा.

ही मांडणी कागदावर सोपी वाटते, पण तिच्यामुळे दर थांब्यावर एक क्रम पाळावा लागेल. निघताना आधी मागचे तिघे चढतील आणि मग सासूबाई. वाटेत चहाला थांबलात तर आधी सासूबाईंना उतरावे लागेल, त्याशिवाय मागचा कोणी बाहेर येणार नाही. ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना शेगावच्या वाटेवर चार वेळा असे उठवणे त्रासाचे आहे. मधला बाक दोन भागांत, साधारण साठ-चाळीस अशा प्रमाणात, विभागलेला असतो. शोरूममध्ये पहिली गोष्ट पाहायची ती ही की लहान भाग कोणत्या बाजूला आहे, दुमडायचा खटका एका हाताने ओढता येतो का, आणि उजवीकडे बालआसन घट्ट अडकवलेले असताना डावा भाग मोकळा हलतो का. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. घरचे बालआसन बरोबर घेऊन जा आणि तिथेच बसवून पाहा.

सासूबाईंनाही बरोबर न्यावेच लागेल. गुडघ्याच्या माणसासाठी गाडीची बैठक फार उंच असणे वाईट आणि फार खोल असणे त्याहून वाईट. क्रिस्टा वेगळ्या मजबूत चौकटीवर उभी असल्याने तिची फरशी उंच आहे. चढताना पाऊल बरेच वर उचलावे लागते आणि सारा भार एका गुडघ्यावर येतो. हायक्रॉसची बांधणी अखंड सांगाड्याची आहे, तिची पुढची चाके ओढतात, त्यामुळे फरशी खाली आली आहे आणि मागच्यांना पाय ठेवायलाही बरी जागा मिळते. तरी आपल्या माणसाचा पाय हाच खरा पुरावा. दाराच्या खांबाला हात धरायला कडी आहे का, बसताना आधी कंबर सीटवर टेकवून मग दोन्ही पाय आत वळवता येतात का, आणि उतरताना हाताने रेटा द्यायला कठीण आधार मिळतो का, हे त्यांच्याकडून दोन-तीनदा करवून घ्या. मागच्या रांगेत मोठ्या माणसाने किमान पंधरा मिनिटे बसून पाहावे. बैठक आणि फरशी यांत अंतर कमी असले की गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि तासाभरात कंबर बोलू लागते. शोरूममध्ये दोन मिनिटे बसल्याने हे कळत नाही.

मागच्या रांगेतील मधल्या जागेला तीन बिंदूंचा (खांदा व कंबर दोन्ही धरणारा) पट्टा आणि डोक्यामागचा आधार आहे का, हेही पाहा. दोन्ही नसतील, तर त्या जागेवर मुलाला बसवू नये असे माझे ठाम मत आहे. खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हेही लेखी विचारून घ्यावे.

सामानाचा विचार बहुतेक घरांत गाडी आल्यावर होतो. एर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत 209 लिटर, कॅरेन्समध्ये 216 लिटर आणि ट्रायबरमध्ये अवघी 84 लिटर जागा उरते. हायक्रॉसची जागा यांहून मोठी आहे, पण आठ माणसांच्या दोन दिवसांच्या बॅगा तिच्यातही सुखाने मावणार नाहीत. एर्टिगा सीएनजीवर घेतली तर सिलिंडर डिकीतच बसतो, म्हणजे सात माणसे बसल्यावर सामान टपावर. मागची रांग अर्धी-अर्धी दुमडणारी असेल, तर सहा-सात जण जाताना एक बाजू पाडून तिथे बॅगा ठेवता येतात. तेव्हा त्या बॅगा दोरीने किंवा जाळीने नक्की बांधाव्यात, नाहीतर ब्रेक लागताच त्या पुढच्यांच्या मानेवर येतात.

नागपूरच्या उन्हाळ्याला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना पुढच्यांना थंडी वाजते आणि मागचे घामाघूम, अशी अवस्था लांबट गाडीत सहज होते. एर्टिगात 2025 पर्यंत छतावरचा झोत मधल्या रांगेपाशी होता आणि मागच्यांना त्यातूनच हवा मिळायची; आता तिच्यातही तिसऱ्या रांगेला झोत आहे. हायक्रॉस, कॅरेन्स आणि ट्रायबरमध्ये तिसऱ्या रांगेलाही हवेची सोय दिली आहे. टेस्ट ड्राइव्ह सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी दोनच्या उन्हात, गाडी पूर्ण भरून, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जा आणि हवेबद्दल मागच्या रांगेतल्या माणसाचे मत विचारा. भरल्या गाडीने चढ आणि ओव्हरटेक कसा होतो हेही त्याच फेरीत कळेल. चिखलदऱ्याचा घाट सात जणांसह ट्रायबरच्या एक लिटर इंजिनाने चढणे आणि हायक्रॉसच्या दोन लिटर इंजिनाने चढणे यांत फार फरक पडतो.

आपल्या गल्लीचे मापही घ्या. एर्टिगा 4435 मिलिमीटर लांब आणि 1735 रुंद आहे. हायक्रॉस 4755 लांब आणि साधारण 1850 रुंद. महालातल्या बोळात रोज वळवताना हा फरक जाणवतो, आणि समोर दुचाक्या लावलेल्या असतील तर मागचे दार पूर्ण उघडेलच असे नाही.

आता निर्णय. सगळे आठ जण महिन्यातून एकदा तरी खरोखर एकत्र जात असाल, तर आठ सीटची हायक्रॉस किंवा इन्व्हिक्टो घ्यावी. वरच्या श्रेणीतल्या, पाय ताणायची सोय असलेल्या कॅप्टन सीटवर घरच्यांचे मन जाईल, पण त्या प्रकारात सातच जागा आहेत. वर्षातून तीन-चारदाच एकत्र जात असाल, तर जवळपास दुप्पट पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. एर्टिगा किंवा कॅरेन्स घ्यावी आणि त्या दिवसांपुरती दुसरी गाडी भाड्याने घ्यावी. कॅरेन्सच्या काही प्रकारांत मधली सीट बटण दाबून दुमडता येते, तेही सासूबाईंच्या सोबतीने पाहून घ्या. आणखी एक, पूर्ण भरून समृद्धी महामार्गावर जाल तेव्हा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत भरल्या गाडीसाठी दिलेला हवेचा दाब टायरमध्ये भरा. तो रोजच्या दाबाहून वेगळा असतो. ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने तापलेल्या काँक्रीटवर धावताना कमी हवेचे टायर फुटण्याचा धोका मोठा असतो.

प्रश्न : आम्ही घरात चौघेच आहोत, पण दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावाहून आई-बाबा येतात. एवढ्यासाठी सात सीटची गाडी घ्यावी का? बजेट कमी आहे.
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : आपल्या गरजेला ट्रायबर जुळते. तिची लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे लहान गाडीएवढी आहे, आणि तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीट सुट्या काढता येतात. त्या घरी ठेवल्या की पाच जणांमागे 625 लिटरची डिकी मिळते. आई-बाबा आले की सीट पुन्हा बसवायच्या. मात्र आई-बाबांना मागे पाठवू नका, मागच्या जागा मुलांना द्या. सीट बसवल्यावर खालचे खटके पूर्ण अडकले आहेत याची प्रत्येक वेळी सीट दोन्ही हातांनी ओढून खात्री करा, आणि काढलेल्या सीट ओलीपासून व उंदरांपासून जपा, कारण दिवाळीपर्यंत त्या कोठीत पडून राहिल्या तर कुरतडलेला पट्टा सहज लक्षात येत नाही.