राधानगरी धरण एवढं जुनं झालंय, ते फुटून कोल्हापूर बुडायची भीती आहे का?

हे धरण भोगावती नदीवर आहे आणि माझं गाव तिच्याच काठावर, प्रयाग चिखलीच्या थोडं वर, त्यामुळे हा प्रश्न दर जुलैत पै-पाहुणे फोन करून विचारतातच. धरण जुनं आहे हे खरंय, शाहू महाराजांनी काम काढलं, मधे पैशापायी बरीच वर्षं रखडलं आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पण दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं, थोडं पाणी झिरपलं म्हणून ते कोसळत नाही. झिरपणं एकदम वाढलं किंवा पाण्याबरोबर चुना वाहून यायला लागला तर मात्र काळजी करायची, आणि 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा तपासणी सक्तीची केलीय.

दगडी धरणाला खरी भीती पाणी डोक्यावरून जायची. 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, ते सगळं पाणी खालच्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर आलं, ते काही तास तगलं आणि मग गेलं. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे असं होऊ नये म्हणूनच आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की त्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की आपोआप बसतात, ना लाईट लागते ना बटण. महाराजांच्या या धरणाचं मला सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तर साधारण 10 हजार. हे पाणी कमी नाही, पण नुसत्या तेवढ्यानं महापूर येत नाही हो. कोल्हापूरला पूर येतो तो पंचगंगेचा, तिच्यात कासारी, कुंभी, तुळशी, धामणी यांचं पाणी पण येतं, राधानगरी अडवतं ते फक्त भोगावतीचं पाणी, आणि धरण एकदा भरलं की तेही अडवू शकत नाही, जेवढं वरून आलं तेवढं खाली.

मला धास्ती दगडापेक्षा लोखंडाची जास्त वाटते. डिसेंबर 2021 ला, पावसाचा पत्ता नसताना, दुरुस्ती चालू असताना धरणातून पाणी सोडायचं खालचं सर्व्हिस गेट अडकलं आणि पाणी सुटलं, काठावरच्या गावांना सावध करावं लागलं. भर पावसाळ्यात असं झालं तर काय, हे विचारायला पाहिजे, गेट, रोप, सील वेळेवर बदलतात का हे ग्रामसभेत विचारायला पाहिजे.

आणि व्हॉट्सॲपवर "दरवाजे उघडले" आलं की घाबरून पळू नका, कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फूट इशारा, 43 धोका. आमच्या सोप्याच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीला लागते. तेव्हा वडील म्हणत होते की सगळे दरवाजे उघडल्यावर बघू, आणि म्हशी काढेपर्यंत गोठ्यात गुडघाभर पाणी झालं होतं. आता 39 झालं की आम्ही म्हशी वरच्या माळावर नेऊन बांधतो, मग दरवाजा एक उघडलेला असू दे नाहीतर एकही नसू दे.