कप फुटला, त्याचं काय?

नवऱ्याला हंटिंग्टन आहे, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा, आईकडून किंवा वडिलांकडून मुलांत उतरू शकणारा आजार, सोळा वर्षांची मुलगी बाबांवर खेकसते, कुणाशी धड बोलत नाही, तिला चार शब्द सुनवा, असं तुम्ही लिहिलंय. मुलांना "बाबांना नसांचा त्रास आहे" एवढंच सांगितलंय. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: परवा तिच्या हातून कप निसटून फुटला, तर तासभर बाथरूमचं दार लावून बसली.

तिच्या खेकसण्याचं राहू द्या. कप फुटला म्हणून कुणी तासभर कोंडून घेत नाही. आजाराचं नाव तिला कळलेलं असणार. औषधाचं पाकीट आणि हातातला मोबाइल, एवढं त्याला पुरतं. पोरगी रोज स्वतःला तपासतेय हो! बोट हललं का, पाय अडखळला का, काही विसरले का. आणि हे सगळं एकटीनं, कारण घरात त्या आजाराचं नाव काढायचीच सोय नाही.

याच आठवड्यात तिला सांगा. रात्री झोपताना नको, नाहीतर उरलेली रात्र ती एकटीच छताकडे बघत काढेल. दिवसा, दोघीच असताना. आधी विचारा, "तुला काय काय ठाऊक आहे?" मग सरळ सांगा: धोका 50 टक्के, आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे नीट फोड करून सांगा. "दोघांपैकी एकाला होणार" असा हिशेब मुलं मांडतात, आणि धाकट्या भावाला वाचवायला आजार स्वतःच्या नावावर घेऊन टाकतात. लक्षणं बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात. विशीच्या आत क्वचितच, आणि तेव्हाही ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली, अभ्यासातली घसरण असं महिनोन्महिने वाढत जातं. तसं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. एक कप निसटणं त्यात बसत नाही. लक्षणं नसताना अठराच्या आधी जनुकचाचणी करत नाहीत. पुढे करायची की नाही, हे ती ठरवेल, समुपदेशकाशी बोलून. तुम्ही नाही.

बाबा संतापत असतील, तर ते आजारामुळेही असू शकतं, हेही तिला कळू द्या.

धाकट्यालाही त्याच आठवड्यात, झेपेल तेवढं सांगा. नाहीतर तुमचं गुपित आता ती सांभाळत बसेल.

ती विचारेलच, "आधी का नाही सांगितलंस?" "घाबरले होते" म्हणा. त्यापुढे "तुझ्या भल्यासाठीच" जोडू नका.